महाविद्यालयाच्या शेतात विद्यार्थ्यांकडून सत्रभर काय करून घ्यावे?

प्रश्न
इंदूरच्या आमच्या महाविद्यालयात वसतिगृहामागची अर्धा एकर काळी जमीन विद्यार्थ्यांच्या शेतीसाठी मिळाली असून मी तेथे पर्यावरणशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी सोयाबीन घेतले. परंतु जूनअखेरीस पेरणी झाली तेव्हा प्रवेशही पूर्ण झाले नव्हते आणि काढणीच्या वेळी मुले परीक्षेत होती, त्यामुळे दोन्ही कामे अखेर मजुरांनीच केली. मुलांचे हात खरोखर मातीत जातील, असा कार्यक्रम कसा आखावा?

उत्तर १
ताई, पिकाऐवजी खतापासून सुरुवात करावी. कंपोस्ट सुमारे 90 दिवसांत तयार होते आणि तेवढा काळ एका सत्रात बसतो. शिवाय जगभर जिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती खत करण्याची रीत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी आपल्याच शहरात, आज जेथे कृषी महाविद्यालय आहे तेथे, 1924 ते 1931 या काळात विकसित केली. 1935 मध्ये गांधीजी ते काम पाहून गेले. आपल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हे ठाऊक नसते, याची मला खंत वाटते.

पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचावेत, ओल टिकवावी आणि ढीग तीनदा उलथावा. पऱ्हाटीसारखे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांसारखे) टणक अवशेष हॉवर्ड रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. पावसाळ्यात मात्र खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते, म्हणून ढीग जमिनीवरच रचावा. प्रत्येक गटाने आपल्या ढिगाचे तापमान रोज लिहावे. ते 65 अंशांच्या आसपास चढून उतरू लागले, की ओल कमी झाली की हवा, हे मुलांनी स्वतः उकरून पाहावे. गुण त्या वहीला द्यावेत.

उत्तर २
मी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. खताचे म्हणणे पटते, परंतु ते कशासाठी केले हे पिकात दिसल्याशिवाय आमचा जीव त्यात रमणार नाही. दिवाळीनंतर प्रत्येक गटाला मेथीचे दोन वाफे द्यावेत, एक खत घातलेला आणि एक न घातलेला. मेथी महिना-सव्वा महिन्यात हाती येते. एक विनंती आहे: कामाचा वार वेळापत्रकात पक्का करू नये. काळ्या मातीत वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी कामाजोगी ओल, येईल त्याच दिवशी काम होते, आणि माती मुठीत धरून वाफसा ओळखणे आम्हाला कोणी तरी शिकवावे.

प्रश्नकर्ती
तासिकांची अदलाबदल करण्याची परवानगी उद्याच मागते. वसतिगृहाचे माळीकाका माती नुसती हातात घेऊन ओल सांगतात. पहिला वर्ग त्यांनीच घ्यावा, अशी त्यांना विनंती करणार आहे.