मदत हवी आहे: रस्त्याखालच्या मोरीतून कासवं खरंच पलीकडे जातात का?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कर्नाटकात, बेळगावच्या खानापूर तालुक्यात. तळं आणि भातशेतीच्या मधून जाणारा रस्ता आता रुंद होणार आहे. मृगाचा पाऊस लागला की तळ्यातली मऊ पाठीची कासवं, म्हणजे फ्लॅपशेल, शेतांकडे निघतात आणि चिरडली जातात. गाडीचा हादरा बसला की कासव मान आत ओढतं, पोटाखालच्या कातडीच्या झडपा मागच्या पायांवर मिटतात आणि ते डांबरावर तिथंच बसून राहतं. त्यात अंडी घालायला पाण्याबाहेर पडते ती मादी. कासव वयात यायला वर्षं लागतात, त्यामुळे दरसाल थोड्या माद्या गेल्या तरी ती तूट भरून निघत नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव वाघाच्या पंक्तीला आहे, पण रस्त्यावर त्याला कोण विचारतो?

इंजिनिअरसाहेब म्हणतात, "पाण्यासाठी मोरी घालणारच आहोत, तिच्यातून जातील." पेंचला महामार्ग ४४ खालून वाघ, हरणं जातात हे ठाऊक आहे, पण तिथं उंच पुलाखाली मोकळी जागा आहे. पाइपच्या अंधारात कासव शिरेल का? कुंपण घातलं आणि ती मोरीकडे वळलीच नाहीत, तर शेताकडची वाटच बंद होईल. पंचायतीमार्फत निवेदन द्यायचंय, कन्नडमध्ये लिहून देणारेही मिळालेत. नेमकं काय मागू?

प्रतिसाद:
दादा, नुसती मोरी मागू नका, तिच्याकडे नेणारं कुंपणही सोबत मागा. फ्लोरिडात टॅलाहासीजवळ लेक जॅक्सनला महामार्ग २७ चिरून जातो. तिथं २००० साली कुंपण घालून कासवं जुन्या मोरीकडे वळवली. आधी किलोमीटरमागे दिवसाला ११.९ मरत होती, नंतर ०.०९.

कुंपणाचा खालचा काठ जमिनीत गाडलेला हवा आणि टोकं तळ्याकडे वळवलेली, नाहीतर कासव वळसा घालून रस्त्यावरच येतं. मोरी पाइपची नको, बॉक्सची घ्या. तोंडं जमिनीच्या पातळीला असावीत आणि पलीकडचा उजेड अलीकडून दिसायला हवा. गाळ कोण काढणार, तेही कागदावर घ्या.

मेलेली कमी झाली एवढ्यावर थांबू नका, ते नुसत्या कुंपणानंही होतं. पलीकडे पोचतात का, ते बघायला हवं. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, अंगाच्या उष्णतेवर चालतो आणि कासव थंड रक्ताचं, म्हणून कॅमेरा ठरावीक वेळानं फोटो घेईल असा लावा. कोणतं पलीकडे गेलं ते ओळखायला कासवांवर खुणा करायच्या तर आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या.

धागाकर्ता:
मनापासून आभार, बॉक्स मोरी आणि कुंपण दोन्ही निवेदनात घालतो. एक अडचण आहे. शेताकडचं तोंड ज्या काकांच्या बांधावर येतं, त्यांना पाणी तुंबायची भीती वाटते. आणि आषाढात मोरीतून पाणी जोरात वाहत असताना त्या ओढीविरुद्ध कासव जाऊ शकेल का? की आत एका कडेला कोरडा कट्टा ठेवायला सांगू? कुणी असं काम जवळून पाहिलं असेल तर जरूर लिहा.