मदत हवी आहे: आफ्रिकेतला जुना निकाल – दोघे 'दोषी नाही' म्हणाले तरी फाशी कशी?

शमिका_र
नमस्कार. घाईत लिहितेय, समजून घ्या. आमच्या घराण्याची स्मरणिका शनिवारी छापायला जातेय आणि मी एका कागदापाशी अडकले आहे. पणजोबांच्या पत्र्याच्या पेटीत इंग्रजीत टाइप केलेली चार पानं निघाली. खुनाचा खटला, कलम ३०२. तीन 'असेसर' आहेत, म्हणजे जज्जसोबत बसून मत देणारे. एक म्हणतो दोषी, दोघे म्हणतात दोषी नाही. आणि पुढच्याच परिच्छेदात जज्जसाहेब फाशी सुनावतात! तिसऱ्या पानावर पणजोबांचं नाव आहे.

दोन प्रश्न. ३०२ आपल्याकडच्या जुन्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम, ते आफ्रिकेत कसं? आणि दोघांचं मत डावलून फाशी देणं बेकायदा नव्हतं का? नेमकं माहीत असेल त्यांनी लवकर सांगा, प्लीज.

भटक्या७
आफ्रिका म्हणजे कुठे? दक्षिण आफ्रिकेत भादंवि कधीच नव्हती. साल कोणतं? कोर्टाचं नाव काय? पानांचे फोटो टाका, नाहीतर सगळे अंधारात गोळ्या मारत बसतील.

सुलोचना ताई
शमिका, आधी एक कर. ती पानं लॅमिनेट करू नकोस. माझ्या सासऱ्यांची सनद आम्ही हौसेने लॅमिनेट केली आणि दहा वर्षांत ती आतल्या आत पिवळी पडून चिकटली. धुतलेल्या सुती कापडात सपाट ठेव, टाचण्या काढ. त्यांचा गंज कागद खातो.

अरुण_सांगली
सरळसरळ अन्याय आहे, पण इंग्रजांच्या राज्यात नवल कसलं? लोकमान्यांच्या खटल्यांत काय झालं? १८९७ साली नऊ ज्यूरर, सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. १९०८ साली सात विरुद्ध दोन, आणि ते दोघे पारशी. तिथे निदान बहुमत तरी सरकारच्या बाजूने होतं. तुमच्या पणजोबांना तर बहुमत असून लटकवलं! तिथल्या सरकारकडे मरणोत्तर माफीचा अर्ज करा. मी मसुदा लिहून देतो.

निवृत्त_वकील
अरुणराव, जरा थांबा. ज्यूरी आणि असेसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिळकांचे खटले मुंबई हायकोर्टात ज्यूरीपुढे चालले. धाग्यातल्या कागदावर असेसर आहेत. शमिकाताई, कोर्ट कुठलं ते सांगा, मग सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आत्ताच देता येईल. पूर्व आफ्रिकेत ३०२ दिसणं अगदी स्वाभाविक आहे. आजच्या केनिया-युगांडातल्या मोंबासा, नैरोबी, कंपाला इथे १९३० पर्यंत आणि झांझिबारला १९३४ पर्यंत भारतीय दंड संहिताच लागू होती. फौजदारी प्रक्रिया संहिताही आपलीच. याचं मूळ झांझिबारमध्ये आहे. तिथल्या ब्रिटिश वकिलातीच्या कोर्टापुढे येणारे बहुतेक पक्षकार कच्छी, गुजराती व्यापारी, म्हणजे ब्रिटिश हिंदी प्रजा. म्हणून कायदा हिंदुस्थानचा आणि वरचं कोर्ट आपलं मुंबई हायकोर्ट. झांझिबारची अपिलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईत ऐकली जात होती. पुढे मुख्य भूमीवर राज्य आलं तेव्हा तीच पुस्तकं जहाजातून तिकडे गेली.

शमिका_र
साल नाही, म्हणून तर विचारतेय! पहिलं पान गायब आहे. मोंबासा असं दोन ठिकाणी आहे. फोटो टाकत नाही, आरोपीचं नाव आहे त्यात. पेटी माझ्या काकूच्या घरी कुडाळला आहे, मी पुण्यात. माझ्याकडे फक्त मोबाइलवरची चित्रं.

ढब्बू_पैसा
साक्षीदाराचा भत्ता, जप्त माल, असं काही पैशात लिहिलंय का? रुपये आहेत की शिलिंग?

अरुण_सांगली
इथे एका माणसाला फाशी झाली आणि तुम्हाला नाणी सुचतात.

ढब्बू_पैसा
अहो, सालासाठीच विचारतोय. पूर्व आफ्रिकेत आपलाच रुपया चालत होता. १९२० साली तो बदलून फ्लोरिन आणला, मग लगेच शिलिंग. रुपये असतील तर कागद त्याआधीचा.

शमिका_र
आहे! 'लाकडी पेटी, किंमत रुपये १२'. आणि शेवटच्या पानावर, 'कागदपत्रे हिज एक्सलन्सी द गव्हर्नर यांच्याकडे पाठवावीत'.

ढब्बू_पैसा
मग १९०६ ते १९२० मधलं. १९०६ पर्यंत तिथला मुख्य अधिकारी कमिशनर म्हणवला जायचा, गव्हर्नर हा किताब नंतर आला. तेव्हा केनिया वसाहतही नव्हती, ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेट म्हणत. सुप्रीम कोर्ट हे नावही तिथे नंतर आलं, त्यामुळे तुमच्या हरवलेल्या पानावर हायकोर्ट असणार.

मृण्मयी
शमिका, वाचून फार वाईट वाटलं. परदेशात, भाषा न येता, आपलं माणूस असं गेलं. तुमच्या घरात याबद्दल काही बोललं जायचं का? माझ्या आजोळीही असाच एक विषय कधी काढत नसत.

शमिका_र
अहो नाही! पणजोबा आरोपी नव्हते. ते १९३८ साली कुडाळला घरी वारले. ते असेसर नंबर दोन आहेत. हे मी वर लिहिलंच नाही का? आरोपी एक पंजाबी सुतार होता, रेल्वेच्या कारखान्यातला. पणजोबा युगांडा रेल्वेत गुड्स क्लार्क होते. घरात सगळे 'आफ्रिकेत जज्ज होते' असंच सांगत आले, स्मरणिकेत तेच छापलं जाणार होतं. कागद वाचल्यापासून कळेना की ते जज्ज होते की नव्हते, आणि असतील तर त्यांचं ऐकलं का नाही.

मृण्मयी
माझा आधीचा प्रतिसाद मागे घेते. गैरसमज झाला.

निवृत्त_वकील
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. आता लिहितो.

१८९८ ची आपली फौजदारी प्रक्रिया संहिता घ्या. खून झाला की आधी मॅजिस्ट्रेटपुढे प्राथमिक चौकशी. त्याला दम वाटला तर तो आरोपीला सेशन्सकडे पाठवतो. सेशन्सचा खटला दोनपैकी एका पद्धतीने, ज्यूरीसह किंवा असेसरांच्या मदतीने. आरोप वाचून समजावतात, साक्षी होतात, आरोपीचा जबाब होतो. मग येतं कलम ३०९. जज्ज प्रत्येक असेसरला त्याचं मत तोंडी विचारतो आणि ते नोंदवतो. त्यापुढे कलमातच म्हटलंय की असेसरांच्या मताप्रमाणे निकाल देण्याचं बंधन जज्जवर नाही. ज्यूरीचा कौल हा कौल असतो. सेशन्स जज्जला तो पटला नाही तर त्याला प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावं लागे. असेसरांना तेवढं वजन नव्हतं. एक विरुद्ध दोन असो की शून्य विरुद्ध तीन, निर्णय एकट्या जज्जचा.

म्हणजे बेकायदा नव्हतं. आणि पणजोबा जज्ज नव्हते.

अरुण_सांगली
मग असेसर बसवायचे कशाला? लोकांना सहभागाचा देखावा दाखवायला? ज्यूरीच खरी. नानावटी खटल्यापर्यंत आपल्याकडे होती. त्या खटल्यात ज्यूरी भावनेत वाहवली आणि सरकारने ज्यूरीच बंद केली, तो शेवटचा ज्यूरी खटला.

निवृत्त_वकील
शेवटचा नव्हता. ही समजूत सिनेमांमुळे पसरली आहे. १९५९ साली तिथे आठ विरुद्ध एक असा 'दोषी नाही' कौल आला, जज्जने तो न मानता हायकोर्टाकडे पाठवला, हे खरं. पण त्यानंतरही कलकत्त्याला ज्यूरीपुढे खटले चालले. १९७३ च्या नव्या संहितेत ज्यूरी पूर्ण गेली. असेसर त्याआधीच, १९५५ च्या दुरुस्तीत गेले. पारशी विवाहाच्या दाव्यांत ज्यूरीसारखी मंडळी आजही बसतात.

भटक्या७
अवांतर: त्या पारशी ज्यूरीवर वेगळा धागा काढा ना वकीलसाहेब.

नैरोबीकर
उशिरा आलो. इथे नैरोबीत २२ वर्षं आहे. अरुणराव, 'ज्यूरीच खरी' हे इथल्या कुणाला सांगू नका. इथे ज्यूरी फक्त गोऱ्या आरोपींसाठी होती, आणि तीत बसायचे गोरेच. आफ्रिकन आणि हिंदी आरोपींना असेसर. १९११ चं गॅलब्रेथ कोल प्रकरण बघा. मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून त्याने एका आफ्रिकन माणसाला गोळी घातली, ते कबूलही केलं, आणि गोऱ्या ज्यूरीने त्याला सोडलं. शेवटी सरकारनेच त्याला हद्दपार केलं. १९२३ साली एका गोऱ्या शेतमालकाने किटोश नावाच्या मजुराला मरेपर्यंत फटकावलं. ज्यूरीने खून न मानता गंभीर दुखापत म्हटलं. शिक्षा दोन वर्षं. पुस्तक तेच, कलमं तीच, फक्त निवाडा करायला कोण बसलंय ते वेगळं.

शमिका, तुमचा पंजाबी सुतार गोरा असता तर 'दोषी नाही' या दोन शब्दांत घरी गेला असता.

कोकणी_मनु
नैरोबीकरांना +१. पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांचा १९५२-५३ चा कापेंगुरियाचा खटला तर ज्यूरी नाही, असेसर नाहीत, एकट्या मॅजिस्ट्रेटपुढे चालवला. सात वर्षं सक्तमजुरी. बचावाच्या वकिलांत आपल्या गोव्याच्या कुटुंबातले फिट्झ डिसोझा होते, जन्म मुंबईचा. मुख्य साक्षीदार मचारिया याने पुढे स्वतःच सांगितलं की साक्ष खोटी होती. यावर कोणी मराठीत लिहायला हवं.

शमिका_र
सगळ्यांचे आभार, पण माझा प्रश्न मागे पडतोय. मत मानायचंच नव्हतं, तर पणजोबा तिथे बसून काय करत होते? शनिवारी मी काय छापू? काकूला फोन केला तर ती रडायलाच लागली, म्हणाली 'जज्ज होते तेच ठेव'.

निवृत्त_वकील
त्यांनी मत काय दिलं ते शब्दशः टाका. नावं वगळून. कलम ३०९ प्रमाणे नोंद असणारच.

शमिका_र
मराठी करून देतेय, जमेल तसं:

'असेसर क्र. २: माझं मत, दोषी नाही. चौथा साक्षीदार निलिसिकिया म्हणाला. दुभाष्याने, मी पाहिलं, असं सांगितलं. साक्षीदाराने पाहिलं असं म्हटलेलं नाही. रात्र होती.'

मग जज्ज लिहितात: 'असेसर क्र. २ यांना स्वाहिली येते हे मला ठाऊक आहे. परंतु दुभाष्याने शपथ घेतली आहे आणि साक्ष नोंदवली गेली आहे. दोन असेसरांशी मी सहमत होऊ शकत नाही.'

निलिसिकिया म्हणजे काय? इंटरनेटवर मला वेगवेगळं दिसतंय.

नैरोबीकर
निलिसिकिया म्हणजे 'मी ऐकलं'. 'मी पाहिलं' असतं तर निलिओना. ही चूक कानाची नाही. दोन शब्द जवळपासचेही नाहीत.

निवृत्त_वकील
शमिकाताई, आता ते तिथे काय करत होते ते कळतंय. वकिलीत ३८ वर्षं काढून सांगतो.

मूळ साक्ष स्वाहिलीत. आरोपीला ती कळेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक, म्हणून हिंदुस्तानीतही भाषांतर. आणि जज्जच्या कागदावर उतरते ती इंग्रजी, दुभाष्याच्या तोंडची. त्याने खरंच भाषांतर करावं असं कलम ५४३ सांगतं, पण ते तपासणार कोण? एकदा 'पाहिलं' लिहिलं गेलं की अपिलात, गव्हर्नरच्या टेबलावर, सगळीकडे 'पाहिलं'च वाचलं जाणार. साक्षीदाराचा खरा शब्द कोर्टाच्या हवेत विरून जातो. तुमच्या पणजोबांनी तो शब्द मत देताना उच्चारला आणि मत नोंदवणं सक्तीचं असल्यामुळे जज्जला तो स्वतःच्या हाताने लिहावा लागला. पुरी फाइल चाळली तरी तो मूळ शब्द दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

याला किती महत्त्व आहे पाहा. स्वाझीलँडच्या एका खुनाच्या खटल्यात असेसरांची मतं उघड कोर्टात न घेता आत घेतली गेली. १९४२ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या लंडनमधल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, तेवढ्यावरून शिक्षा रद्द केली. मत मानलं नाही तरी चालेल, पण ते आरोपीसमोर बोललं गेलंच पाहिजे.

'जज्ज होते' हे काढा. 'असेसर होते' लिहा आणि त्यांचं मत अख्खं छापा.

अरुण_सांगली
हे वाचून माझं म्हणणं मागे घेतो. माफीच्या अर्जाचं मात्र डोक्यातून जात नाही. त्या सुताराचं पुढे काय झालं?

शमिका_र
ते कुणालाच माहीत नाही. चौथं पान 'गव्हर्नर यांच्याकडे पाठवावीत' इथेच संपतं. पणजोबा आफ्रिकेबद्दल घरात कधी बोलत नसत, एवढं काकू सांगते. मी गेले अर्धा तास नुसती ते पान बघत बसले आहे.

निवृत्त_वकील
फाशी कमी करायचा अधिकार गव्हर्नरला होता, आणि अशा वेळी खटल्याचे सगळे कागद त्याच्यापुढे जात. म्हणजे ते दोन 'दोषी नाही' आणि तो शब्द त्याने वाचला असण्याची शक्यता आहे. वरच्या कोर्टात जायचं तर पूर्व आफ्रिकेचं अपील कोर्ट होतं. नोंद कुठेतरी असणार.

भटक्या७
लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सीओ ५३३ ही मालिका बघा. या प्रदेशाचा वसाहत खात्याशी झालेला पत्रव्यवहार, १९०५ पासूनचा. भाची तिकडे शिकतेय, विचारतो.

सुलोचना ताई
टाचण्या काढल्यास का?

नैरोबीकर
लंडनच्या आधी इथलं बघू. केनियाचं राष्ट्रीय अभिलेखागार मोई अव्हेन्यूवर आहे, माझ्या ऑफिसपासून चालत १० मिनिटं. मंगळवारी अर्धा दिवस काढतो. तुमच्या पणजोबांचं पूर्ण नाव व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) पाठवा, रेल्वेच्या नोकरांच्या याद्यांपासून सुरुवात करतो.

शमिका_र
व्यनि केला आहे. काकूने टाचण्या काढल्या. स्मरणिकेचं पान बदलून पाठवलं, 'असेसर' असंच. नैरोबीकर, पणजोबांच्या नावाखाली त्या सुताराचंही नाव लिहिलं आहे. आधी ते शोधा.