लॉस एंजेलिसचे सेपुल्वेडा धरण: भिंत आहे, पण पाणी कुठे आहे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझे आईवडील फेब्रुवारीच्या अखेरीस सांगलीहून आमच्याकडे लॉस एंजेलिसला येत आहेत. वडिलांनी 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही मोठे पूर सांगलीत राहून पाहिले आहेत, त्यामुळे नदी, धरण आणि विसर्ग हे त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय आहेत. पावसाळ्यात सकाळचा चहा घेण्याआधी ते आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे याची चौकशी करतात. आमच्या घरापासून सेपुल्वेडा धरण वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. कामावर जाताना मला त्याची काँक्रीटची भिंत रोज दिसते, परंतु तिच्यामागे जलाशय असा कधीच दिसला नाही, केवळ झाडी आणि मैदाने दिसतात. हे धरण आता वापरात नाही काय? तिथे वडिलांना पाहण्यासारखे काय आहे, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईला तिथे फिरता येईल का?

व्हॅलीकर

आम्ही गेली अनेक वर्षे या भागात राहतो आणि बहुतेक शनिवारी सकाळी तिथे जातो, म्हणून आधी आपल्या आईंच्या सोयीचे सांगतो. धरणामागच्या सुमारे 2,000 एकर जमिनीचा मोठा भाग सार्वजनिक उद्यानांसाठी दिलेला आहे आणि त्यात बाल्बोआ तलाव सर्वांत सोयीचा आहे. सुमारे 27 एकरांच्या या तलावाभोवतीची वाट सपाट आहे, मधून मधून बाके आहेत आणि गाडी अगदी जवळ लावता येते. काठावरची चेरीची झाडे साधारणपणे मार्चमध्ये फुलतात. आपले आईवडील तोवर राहणार असतील तर दुसरी फेरी अवश्य करावी. हिवाळ्यात पांढरे पेलिकन उतरतात आणि पाणकावळे पंख पसरून उन्हात बसलेले असतात.

या तलावात शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून शुद्ध केलेले पाणी सोडतात. ते शुद्धीकरण केंद्रही याच खोऱ्यात आहे, आणि त्याच्या आवारातील जपानी उद्यानालाही तेच पाणी पुरवले जाते. उद्यानाच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करून जावे.

पाटबंधारे, निवृत्त

धरण पूर्णपणे वापरात आहे. आपल्या वडिलांना कोयनेची सवय असल्यामुळे त्यांना तिथूनच सुरुवात करून सांगावे, म्हणजे फरक चटकन ध्यानात येईल. सुमारे 105 टीएमसी (म्हणजे 105 अब्ज घनफूट) क्षमतेचे कोयना धरण वीज आणि सिंचन यांसाठी बांधलेले असल्यामुळे पावसाळा संपताना ते भरलेले असावे लागते, आणि पुराच्या दिवसांत मात्र त्याच धरणात मोकळी जागा असावी अशी सांगली-कोल्हापूरकरांची रास्त अपेक्षा असते. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात आणि त्यातूनच दरवर्षी विसर्गाचा वाद उभा राहतो. सेपुल्वेडा केवळ पूर अडवण्यासाठी बांधले असल्यामुळे त्याच्यापुढे हा पेच नाही. एरवी लॉस एंजेलिस नदी भिंतीच्या तळाशी असलेल्या मार्गांतून सरळ वाहून जाते. अतिवृष्टी झाली आणि त्या मार्गांतून जाईल त्यापेक्षा जास्त पाणी आले, की ते मागच्या खोऱ्यात पसरून तुंबते आणि खालच्या पात्राला पेलेल अशा बेताने सोडले जाते. म्हणूनच पाऊस ओसरल्यावर हे खोरे लवकरात लवकर रिकामे करतात. पुढच्या वादळासाठी ती जागा मोकळी हवी असते.

हे धरण बांधण्यामागचे कारणही वडिलांना सांगावे. फेब्रुवारी 1938 च्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी इथे सलग काही दिवस पाऊस कोसळला, पुलांसह वस्त्या वाहून गेल्या आणि शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने 1941 मध्ये हे धरण पूर्ण केले. उत्तरेकडच्या तुहुंगा ओढ्यावरचे हॅन्सन धरण त्याच्या आदल्या वर्षीचे आहे. भिंत मुख्यतः मातीची असून जवळजवळ तीन मैल लांब आहे. आपल्याला रस्त्यावरून दिसतो तो तिचा काँक्रीटचा सांडव्याचा भाग. धरणाच्या खाली नदीला काँक्रीटचे पात्र केलेले आहे, परंतु वर, खोऱ्यात, तिचा तळ अजून मातीचा आहे आणि काठावर वाळुंजाची झाडी आहे. मला विचाराल तर तलावापेक्षा हा तुकडा अधिक पाहण्यासारखा आहे.

रानजाई

वरील सर्व माहितीशी सहमत आहे, फक्त एक गोष्ट कळकळीने सांगते. इथला पावसाळा हिवाळ्यात असतो आणि फेब्रुवारी हा त्यातला भर पावसाचा महिना, त्यामुळे पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी, आभाळ थोडे उघडले असले तरी, तिकडे अजिबात जाऊ नये. भोवतालचे डोंगर उभ्या चढाचे आहेत आणि त्यांच्यामधल्या सॅन फर्नांडो व्हॅलीची बरीचशी जमीन सिमेंट-डांबराखाली गेली आहे, त्यामुळे खोऱ्यात पाणी फार वेगाने चढते. फेब्रुवारी 1992 मध्ये खोऱ्यातून जाणाऱ्या बर्बँक बुलेवार्ड या रस्त्यावर गाड्या पाण्यात अडकल्या होत्या आणि माणसांना सोडवून आणावे लागले होते. आता पाणी चढण्याची शक्यता दिसली की रस्ता बंद करतात; तो बंद असेल तर दुसरी वाट शोधून आत शिरू नये. ही जागा मुळात पाण्याची आहे, आपण तिथे पाणी नसतानाच जायचे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल, पावसानंतर तीन कोरडे दिवस जाऊ देऊन, आम्ही जाऊन आलो. आई तलावाकाठच्या बाकावर उन्हात बसली आणि पेलिकन मोजत राहिली. वडिलांना मी, आपण सांगितल्याप्रमाणे, नदीच्या मातीच्या तुकड्याकडे नेले. तिथे वाळुंजाच्या फांद्यांना, आमच्या डोक्यांच्याही वर, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वाळलेल्या काटक्या सगळ्या एकाच दिशेला लोंबत अडकलेल्या होत्या. वडिलांनी हातातली छत्री उंच धरून पाहिली, तरी तिचे टोक पिशवीला लागले नाही. ते बराच वेळ तसेच वर पाहत उभे राहिले. मग छत्रीच्या टोकापासून पिशवीपर्यंतचे अंतर त्यांनी डोळ्यांनी मोजले, आपली उंची त्यात मिळवली आणि मला विचारले, "हे इथवर चढायला किती तास लागले असतील?"

पाटबंधारे विभागातील आपल्याला याचे उत्तर देता आले तर कृपया द्यावे. ते वाट पाहत आहेत.