रोदँच्या पुतळ्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते

नास्तिक लोक जास्त तर्कशुद्ध विचार करतात हे सिद्ध झालंय असं काही जण म्हणतात आणि पुरावा म्हणून फ्रेंच शिल्पकार रोदँच्या 'थिंकर' (विचारात बुडालेला माणूस) या पुतळ्याचा प्रयोग देतात. तो २०१२ चा, 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेला. पुतळ्याचा फोटो बघितला की माणूस तर्कानं विचार करायला लागतो आणि देवावरचा विश्वास म्हणे कमी होतो. पण त्यात माणसं होती फक्त ५७, आणि २०१७ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग शेकडो लोकांवर केला तेव्हा काहीच फरक दिसला नाही, हे कोणी सांगत नाही. पुढं तर्कशुद्ध विचार आणि नास्तिकपणा यांचा संबंध १३ देशांत तपासला तर निघाला तोही क्षीण, आणि देशागणिक बदलणारा.

आता आमच्या सोलापूरचं बघा. पूर्व भागात ओळखीचे एक यंत्रमागवाले आहेत, दर अमावस्येला मागाला नवीन लिंबू-मिरची, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजापुढं हात जोडल्याशिवाय वर्ष सरत नाही. पण माग बंद पडला की लिंबाकडं ढुंकून बघत नाहीत, आधी धोटा, मग ताण्याचे धागे, मग मोटर, एकेक कारण बाजूला काढत जातात, आणि सुताचा भाव वाढला की चादरीमागं किती सुटणार ते तोंडी सांगतात. उलट माझा एक पक्का नास्तिक मित्र व्हॉट्सॲपवरच्या टिपेवर शेअर घेतो, का घेतला विचारलं तर म्हणतो आतून वाटलं!

आस्तिक का नास्तिक यापेक्षा कुठल्या बाबतीत, ते आधी विचारा की राव.