हल्ली कोणती मालिका पाहिलीत? दहापैकी किती गुण द्याल?

आंबोळी
परवा कुडाळहून सावंतवाडीला घरी येताना आकेरीत थांबले. 'रात्रीस खेळ चाले'चा वाडा बघायला अजून लोक येतात. मुंबईच्या दोन गाड्या उभ्या होत्या आणि एक काकी नवऱ्याला सांगून सांगून फोटो काढून घेत होत्या. मला एकदम आजी आठवली.

2016च्या फेब्रुवारीत मालिका सुरू झाली तेव्हा ती होती. जेवणं आटपली, भांडी पालथी पडली की टीव्हीच्या अगदी पुढ्यात पाट घेऊन बसायची, कारण कानाला कमी. भुताखेताचं तिला काहीच नव्हतं. तिचं सगळं लक्ष बोलण्यावर. मालिकेतली माई बोलायला लागली की मान हलवायची, आणि एखाद्या नटाचा हेल चुकला की लगेच, "ह्यो आमच्यातलो नाय, शिकान इलो." आपली भाषा रोज रात्री टीव्हीवर ऐकू येते, याचंच तिला केवढं अप्रूप होतं.

मी आता पहिलं पर्व परत बघितलं. भुताची गोष्ट म्हणून 5, घराची गोष्ट म्हणून 9. बाप गेल्यावर चारी दिशांनी भाऊ गोळा होतात, दिवसकार्य बाजूला राहतं आणि जमिनीचं निघतं. सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं असलेल्या कुठल्याही घरात हे असंच चालतं. चुली वेगळ्या झाल्यावर माणसं एकमेकांकडे कशी बघतात ते त्यात नेमकं आलंय.

तुम्ही काय बघताय? गुण द्या, पण का दिले तेही लिहा. नुसता आकडा नको.

चाकरमानी_डोंबिवली
'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व 9. अण्णा नाईक!! माधव अभ्यंकरांनी नुसत्या चालण्यातून माणूस उभा केलाय. अपूर्वा नेमळेकरची शेवंता पण तोडीस तोड. तिसरं 4, ओढूनताणून केलेलं.

पण एक मनातलं सांगतो. झी फाइव्हवर 'अंधार माया' बघितली, 2025ची. किशोर कदम आहेत, त्यांना 8. मालिकेला 6. परत कोकण, परत जुना वाडा, परत काळोख. आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे. ती घरं भुतांनी नाही रिकामी केली, विरार-नालासोपाऱ्याने केली. शिमग्याला आणि गणपतीला उघडतात, मग परत कुलूप. त्याच्यावर कोणी मालिका करेल का?

कोकमसार
माका 'गाव गाता गजाली' आवाडली व्हती. 2017ची. त्यात भूत नाय, वाडो नाय, नुसत्यो गजाली. 9. परत लावूक व्हयी.

मोदकपात्र
सकाळपासून लाईट नाही, मोबाईल 12 टक्क्यांवर आहे. पंचायतचं चौथं पर्व, दहापैकी 7. बाकीचं लाईट आल्यावर

आंबोळी
@चाकरमानी अगदी बरोबर. 2016ला आमच्या जिल्ह्यात विरोध झाला तो याच मुद्द्यावर, कोकण म्हणजे नुसतं भूत-करणी असं दिसतं म्हणून. आजीचं म्हणणं वेगळं होतं. भाषा तरी आली ना, म्हणायची. मला दोघांचं पटतं.

हर्णै_बंदर
बोटीवर बघतो आम्ही. बाहेर गेल्यावर रेंज नाही, म्हणून जेटीवर असतानाच भाग उतरवून घ्यायचे. वादळाचा बावटा लागला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत घेतो, तिथे वारा पडेपर्यंत काम काही नाही. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख झोपतो, बाकीचे एका फोनभोवती.

पाताल लोक 2 तशीच बघितली. 9. गोष्ट मोठ्या खुनाची आहे, नागालँडपर्यंत जाते, पण सुरू होते एका हरवलेल्या बँडवाल्यापासून. त्याची बायको पोरगं घेऊन चौकीत येते. तिच्याकडे कोणी बघत नाही, एकटा इन्स्पेक्टर हाथीराम बघतो. आमचे खलाशी नेपाळचे आहेत. त्यातला एक त्या जागेला फोन हातात घेऊन म्हणाला, परत लाव. त्याच्या गावचा एक जण असाच कामाला बाहेर पडला आणि परत आला नाही. मग बराच वेळ त्याच्याबद्दलच बोलत होता. भाग राहिला तसाच.

हाथीराम झालेल्या जयदीप अहलावतला 10.

परभणीची_लेक
लग्न होऊन दापोलीत आले, माहेर परभणी. त्यामुळे 'मानवत मर्डर्स'वर मला बोलायलाच पाहिजे :)

सोनी लिव्हवर आहे, 2024ची. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खुनांचं, सत्तरच्या दशकातलं खरं प्रकरण. तपास रमाकांत कुलकर्णींनी केला, ती भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केलीये. आमच्याकडे लहानपणी मूल दुपारचं बाहेर निघालं की आजी मानवतचं नाव घ्यायची, तेवढ्यावर आम्ही घरात. मालिकेला 8. मकरंद अनासपुरे नेहमी हसवतात, इथे त्यांच्याकडे बघवत नाही इतके आतून दुष्ट वाटतात. सोनाली कुलकर्णी तर ओळखूच येत नाही.

दोन गुण कापले ते शेवटाकडे जरा घाई झालीये म्हणून. आणि उन्हासाठी पूर्ण गुण. ते मराठवाड्याचं पांढरं ऊन, धूळ, ज्वारीचं रान. इथे आठ वर्षं हिरवं बघून बघून मला ते बघताना माहेरी गेल्यासारखं झालं, विषय इतका भयंकर असून. सासूबाई पहिल्या भागातच उठून गेल्या, म्हणाल्या हे रात्रीचं नको.

कोकमसार
@परभणीची_लेक तुमच्या हंय ज्वारीची भाकरी, आमची तांदळाची. जमली मां आता?

परभणीची_लेक
@कोकमसार जमते, पण उकड काढताना अजून सासूबाईंनाच हाक मारते. ज्वारीचं पीठ माहेरून येतं.

स्टेशनजवळ
द रेल्वे मेन, भोपाळच्या गॅस दुर्घटनेवरची. 4च भाग आहेत, एका रविवारी होतात. 9 गुण.

आमचे हे कोकण रेल्वेत आहेत. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. डोंगर कापून रूळ नेलेत तिथली बाजू, बोगद्याची तोंडं, पुलाखालचं पाणी, सगळं चालत बघायचं. दरड आली तर समोरून येणारी गाडी थांबवायची, हातात बॅटरी, लाल दिवा, रुळावर ठेवायचे फटाके. डोंगर ओला झाला की मला झोप लागत नाही. इतकी वर्षं झाली, सवय होत नाही.

म्हणून भोपाळची ती रात्र बघताना मी त्यातल्या गॅसपेक्षा स्टेशनच बघत होते. 1984च्या 2 डिसेंबरची रात्र, फोन लागत नाहीत, फलाटावर माणसं पडतायत आणि समोरून गाडी येतेय. के के मेनन स्टेशनमास्तर. खरे गुलाम दस्तगीर म्हणून उपस्टेशन अधीक्षक होते, फलाटावर उभी असलेली गाडी त्यांनी वेळेआधी सोडायला लावली. हातात अधिकार किती आणि माणसं किती, असा हिशेब करायला त्यांना वेळच नव्हता. हे माझ्या शेजारी बसून बघत होते. एरवी सिनेमात रेल्वे दाखवली की चुका काढतात. या वेळी गप्प. फक्त एकदा म्हणाले, कंट्रोलशी बोलणं तुटलं की असंच होतं.

एक गुण कापला तो चोराच्या भागासाठी. तो फिल्मी वाटला.

आंबोळी
@स्टेशनजवळ वाचून थांबले. रात्रीच्या गाडीने आम्ही निवांत झोपून येतो. त्यांना नमस्कार सांगा.

हर्णै_बंदर
आमच्याकडून पण सांगा. पावसाळ्यात आम्ही बंदी म्हणून घरी असतो, ते रुळावर.

चाकरमानी_डोंबिवली
गणपतीला येतो तेव्हा गाडी मध्येच थांबली की डब्यात सगळे वैतागतात. आता मी सांगेन त्यांना.

मोदकपात्र
आली लाईट!! आता पंचायत.

चौथं पर्व 2025च्या जूनचं. सगळं निवडणुकीवर आहे, गावची प्रधान मंजूदेवी हिची निशाणी दुधी, समोरच्या बाईची कुकर. 7 कारण सात-आठ भाग नुसती भांडणंच चालली. पहिल्या पर्वातली गंमत छोट्या गोष्टींत होती, ती कमी झाली. तरी प्रल्हादचा फैसल मलिक आणि विकासचा चंदन रॉय यांना पूर्ण गुण.

मला ही मालिका जवळची का ते सांगते. माझी काकी सरपंच होती. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, तिचं गाव राखीव झालं आणि उभं केलं काकांनीच. पहिल्या मासिक सभेत खुर्चीत काकी, बोलणारे काका. मालिकेतल्या फुलेरा गावासारखंच. मंजूदेवी 26 जानेवारीसाठी राष्ट्रगीत पाठ करते ना, तसं काकी रात्री स्वयंपाकघरात इतिवृत्त वाचायचा सराव करायची. कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि परत पहिल्या ओळीपासून. मी शेजारी बसून अडलेला शब्द सांगायची.

आणि मे महिन्यात विहिरी आटल्या. वरच्या वाडीला टँकर यायचा तो खालीच रिकामा व्हायचा. ग्रामसभेत काका बोलायला उठले तर काकी म्हणाली, "तुम्ही बसा, पाणी मी भरते." एवढंच. टँकर आधी वर जायला लागला. त्यानंतर काका सभेत मागे बसायचे, आणि घरी येऊन सगळ्यांना तेच सांगायचे, आमची कशी बोलली.

मंजूदेवीला एवढं बोलायला द्यायला हवं होतं. नीना गुप्ता असताना तिला नवऱ्याच्या मागे का ठेवतात चार चार पर्वं?

कोकमसार
काकीक माझो साष्टांग दंडवत.

परभणीची_लेक
कोणत्या गावचं हे? टँकरचं आमच्याकडे दरवर्षीचंच.

मोदकपात्र
@परभणीची_लेक गुहागरच्या बाजूचं. एवढा पाऊस पडतो, पण सगळा जांभ्यातून समुद्रात. मे महिन्यात घागर घेऊन घाटी उतरायची.

बाईंचा_वर्ग
रत्नागिरीजवळच्या शाळेत आठवी-नववीला शिकवते. सहलीच्या याद्या करता करता लिहितेय.

नेटफ्लिक्सवरची अ‍ॅडोलसन्स. 10. माझ्याकडून कोणालाच 10 मिळत नाहीत, वर्गात विचारा.

इंग्लंडमधला तेरा वर्षांचा मुलगा, वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली पकडला जातो. चारच भाग, आणि प्रत्येक भाग कुठेही न तोडता सलग चित्रित केलाय. ही करामत म्हणून बघू नका. दृश्य तुटत नाही म्हणून आपल्यालाही उठता येत नाही. तिसऱ्या भागात तो मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई एका खोलीत बसून नुसते बोलतात. मुलगा हसतो, मग ओरडतो, मग लगेच लहान होतो. ओवेन कूपर. पंधराव्या वर्षी एमी मिळालं त्याला.

पण मला हलवलं ते दुसऱ्या भागाने. पोलीस शाळेत येतात, तपास पुढे सरकत नाही, आणि अधिकाऱ्याचा स्वतःचा मुलगा त्याला सांगतो की बाबा, मोबाईलवरच्या त्या छोट्या चित्रांचा, इमोजींचा अर्थ तुम्हाला वाटतो तो नाही. मुलं जे एकमेकांना पाठवत होती ते मोठ्यांना दिसत होतं, वाचता येत नव्हतं. आमच्या मुलांचे आईबाप कोणी बंदरावर, कोणी बागेत, कोणी मुंबईला. मूल आजीकडे आणि आजीने हौसेने घेऊन दिलेला मोबाईल. पालकसभेत मी आता गुणांआधी मोबाईलवर बोलते. एक आजी म्हणाल्या, बाई मला उघडता पण येत नाही त्याचा. त्यांना दोष कसा देणार? मी मुलांनाच विचारायला लागलेय, मला शिकवा याचा अर्थ काय. सुरुवातीला लाजली, आता सांगतात.

शेवटच्या भागात बाप मुलाच्या खोलीत जातो तेव्हा

चाकरमानी_डोंबिवली
अहो बाई थांबा!! शेवट नका सांगू, मी आज लावणार आहे

बाईंचा_वर्ग
बरं, थांबले. घरात मोठं मूल असेल तर त्याला शेजारी घेऊन बघा.

घरीच_असते
मी वेबसीरिज बघत नाही, वेळ नाही. चालेल ना लिहिलं तर?

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आमच्याकडे संध्याकाळी 'आई कुठे काय करते' लागायची. सगळे म्हणायचे किती लांबवतात, एकच गोष्ट चार दिवस. तेच त्यांच्या उपयोगी पडलं. काल झालेलं आज परत सांगतात, एकच नाव दहा वेळा घेतात. त्यांना दुवा लागायला तेवढा वेळ हवा असायचा. झटक्यानंतर तोंडातून पहिलं नीट नाव निघालं ते अरुंधती. माझं नाव त्यानंतर कितीतरी दिवसांनी आलं. मला राग नाही आला, मी देवापुढे साखर ठेवली.

उपचाराला यायच्या त्या ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, वापरा की हेच. मग मी आवाज बंद करून विचारायची, ही कोण? हा कोण? आता काय म्हणाली असेल? 2024च्या नोव्हेंबरमध्ये मालिका संपली तेव्हा मला फार चिंता पडली. आता 'ठरलं तर मग' लावतो. सायली म्हणता येतं. अर्जुन म्हणताना जोडाक्षर अडतं, अज्जुन होतं.

गुण मला नाही देता येत. संथपणाला 10 द्या माझ्याकडून.

मोदकपात्र
@घरीच_असते का नाही चालणार, अहो. डोळ्यात पाणी आलं.

स्टेशनजवळ
माझ्या आईलाही झटका आला होता. गाणी लावून बघा, भजन, आरती. बोलता येत नव्हतं तेव्हा आरतीचे शब्द यायचे तिला.

घरीच_असते
@स्टेशनजवळ हो का? आजच लावते. ते भजनीमंडळात पखवाज वाजवायचे.

कोकमसार
पखवाज म्हटल्यार डावो हात बरो आसा मां? मांडीवर ताल धरूक सांगा. माझ्या बापाशीन धरलो व्हतो.

आंबोळी
आता घरी आले, सगळं सलग वाचलं. माझ्या यादीत मानवत आणि रेल्वे मेन आलं. कोणी 'कोहरा' बघितलीये का? पंजाबातली, सुविंदर विकी आणि बरुण सोबती. भाऊ म्हणतो 9.

हर्णै_बंदर
बघितली. 9 बरोबर आहे. लग्नाच्या आधी नवरा मुलगा शेतात मेलेला सापडतो. तपास करणाऱ्या दोघांच्या घरी पण तेवढीच भानगड. धुकं असं घेतलंय की आमच्याकडे डिसेंबरात पहाटे खाडीवर असतं तसंच. खुनापेक्षा बाप आणि मुलांचं जास्त आहे त्यात.

आंबोळी
हिंदीत बघू की पंजाबीत?

हर्णै_बंदर
पंजाबीत. खाली अक्षरं लावा. तुमची आजी मालवणीला बसायची तसंच आहे, हिंदीत केलं की माणसं खोटी वाटतात. पहिला भाग जरा सावकाश आहे, सोडू नका.

चाकरमानी_डोंबिवली
बाई, बघितली अ‍ॅडोलसन्स, चारही. मुलगा नववीत आहे, शेजारी बसला होता. संपल्यावर स्वतःहून फोन पुढे केला, म्हणाला विचारा काय विचारायचंय ते. बोलतोय आम्ही. उद्या लिहितो.