जिद्दीच्या जोडीला माणसंही लागतात
जिद्द असली की काम आपोआप उत्तम होतं, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. सोलापुरात आमच्या घरी चादरीचे माग होते. विणकर कितीही हुशार असो, कांड्या (मागावरच्या सुताची रिळं) वेळेवर भरून मिळाल्या नाहीत, बिघाडाला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, धावला नाही, की माग उभाच. आणि मजुरी कापली जायची ती विणकराची! बायकांचं तर विचारूच नका. माझी बहीण टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. शेजारच्या मावशी लेकराला सांभाळू लागल्या, तेव्हा कुठे तिचं लक्ष सुईवर राहिलं. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. आधी ते आहे का बघा, मग जिद्दीचं बोलू.