अनुभव धागा: "लाइन बंद केलीये, कर काम"

विजेशी रोज गाठ पडणाऱ्यांनी लिहा. उपदेश नकोत. बंद म्हणून सांगितलेल्या लाइनीत करंट निघाला असेल, तर तो आला कुठून तेवढं सांगा.

—

लाइनमन आहे. ११ केव्हीचा शटडाऊन, परमिट हातात, सगळं रीतसर. तरी आमचे हेड डिटेक्टर (तारेत करंट असला की वाजणारं, काठीवरचं यंत्र) लावल्याशिवाय तारेला हात लावू देत नाहीत, मग कितीही घाई असो. त्या दिवशी काठी वर नेली आणि डिटेक्टर वाजायला लागला. सबस्टेशनला फोन केला, तर तिथे ब्रेकर उघडाच, म्हणजे तिथून लाइन बंदच! शेवटी सापडला एक जनरेटर, चेंजओव्हर (लाइन आणि जनरेटर एकत्र जोडू न देणारा स्विच) न बसवता थेट जोडलेला. त्याचे ४१५ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढले की वर तारेवर ११ हजार होतात. जनरेटरवाल्याला याचा पत्ताच नव्हता. तो बंद करून घेतला, परत तपासलं, डिस्चार्ज रॉड (तारेतला उरलासुरला करंट जमिनीत उतरवणाऱ्या काठ्या) लावले, मगच माणूस वर गेला.

—

आमच्याकडे कपॅसिटर बँक, म्हणजे वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा संच. मेन पाडला तरी चार्ज आत राहतो. तो उतरवणारा डिस्चार्ज रेझिस्टर शाबूत असेल तर काही मिनिटांत उतरतो, पण तो जळालेला असला तर बाहेरून काही कळत नाही. मीटर लावूनच बघायचं.

—

दिवा बंद, होल्डरमध्ये फेज, म्हणजे जिवंत तार. कुण्या महाभागाने स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये (करंट परत नेणाऱ्या तारेत) टाकला होता.

—

वर कुणी लिहिलं नाही म्हणून: हेल्परला ड्रिल मशीनचा शॉक बसला तेव्हा सगळे विचारत होते, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) कसा पडला नाही? तो कशाला पडेल? १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा हात १०-१५ मिलिअँपिअरलाच आखडतो, मशीन सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लागतो, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबावं लागतं. (आमच्याकडच्या बटणावर रंगाचा थर होता.)

—

स्विचला 'काम चालू आहे' अशी पाटी होती. शिफ्ट बदलली, पाटी खाली पडलेली, नव्या माणसाने स्विच चालू केला. आमचा माणूस तेव्हा चहाला गेला होता म्हणून वाचला. आता ज्याचं काम त्याचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. सुपरवायझर म्हणतात, एक डुप्लिकेट ऑफिसात ठेवा, उगाच खोळंबा नको. आम्ही अजून दिलेली नाही.